श्रेष्ठींची सनद

राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदात, मुख्यमंत्र्याची नियुक्ती राज्यपाल करतील, एवढेच मोघम कलम लिहून थांबलेल्या घटनाकारांनी, पक्षश्रेष्ठी नामक जे अदृश्य परंतु सर्वसमर्थ दैवत आमच्या संघराज्याच्या मस्तकी विराजमान आहे, त्याचा साधा नामोल्लेखही करू नये, ही त्या विद्वज्जनांची अनवधानता अक्षम्यच होय. सुदैवाने कलमापेक्षा वहिवाट बलवत्तर. लक्षावधी मतदारांचा कौल घेऊन आमदार मुंबईस जमतात, दिल्लीहून आलेले निरीक्षक प्रत्येकाचे मन एकांतात जाणून घेतात, आणि जाणलेली ती सारी मने एका ओळीच्या ठरावात गुंडाळून, नेतानिवडीचा अधिकार श्रेष्ठींच्या चरणी वाहून, मंडळी निश्चिंत चित्ताने भोजनास जातात. जून १९८० ते जून १९८८ या आठ वर्षांत अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार अशा सहा जणांना या वहिवाटीने गादी लाभली. पुढे पक्ष पालटले, तरी २०२४ साली २८८ पैकी २३० जागा पदरी असूनही २३ नोव्हेंबरच्या निकालानंतर शपथविधीस ५ डिसेंबर उजाडावा लागला.

खजिन्याचे म्हणाल, तर वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश आणि निर्णयास तीनचतुर्थांश मते आवश्यक; सबब सर्व राज्यांनी एकमुखाने हात वर केले तरी, केंद्राची मर्जी नसल्यास, हात दुखण्यापलीकडे काही निष्पन्न होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली केंद्राने, आणि नाशकाकडच्या शेतकऱ्यांची समजूत काढण्याची कामगिरी आली राज्याच्या वाट्यास. शिव्या स्वीकारण्याच्या बाबतीत राज्यांची स्वायत्तता अबाधित आहे, हे कबूल केले पाहिजे.

अशा स्थितीत मुख्यमंत्र्यास महाराष्ट्राचा दिल्लीतील वकील समजावे, अशी सूचना कोणी करील. परंतु ती हिंगणे घराण्यावर अन्याय करणारी आहे. पेशव्यांचे ते वकील दरबारात कोण काय बोलला याचा वृत्तान्त पत्रोपत्री पुण्यास धाडीत असत. आमचे मुख्यमंत्री मध्यरात्रीच्या खलबतांनंतर विमानतळावर उतरतात, पुष्पगुच्छ दिल्याचे छायाचित्र वृत्तपत्रांकडे रवाना करतात, आणि ‘सदिच्छा भेट होती’ एवढे सांगून गाडीत बसतात.