आहेर आणू नये

लग्नपत्रिका रद्दीत घालणाऱ्या बाईला आमच्या भिशीत घेत नाहीत. तसा लेखी नियम नाही, पण आहे. पत्रिका म्हणजे नुसता निरोप असतो का? जाड चकचकीत पुठ्ठा, त्यावर उठावाचा सोनेरी गणपती, आत मखमली कागद, कोपऱ्याला लोंबणारा रेशमी गोंडा आणि हे सगळं पोटात घेणारं भक्कम पाकीट. एवढा माल रद्दीवाल्याच्या काट्यावर टाकायचा आणि वर त्याच्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालायची, हा उधळेपणा उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगला मानवत नाही. लग्न मोडलं तरी चालेल (एक मोडलंही), पत्रिका जपून ठेवायची.

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की माळ्यावरची खोकी खाली यायला लागतात. माझ्या माळ्यावर पत्रिकांच्या खोक्याशेजारी थर्माकोलचे चार खांब आहेत. 2018 साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून ते तिथंच आहेत. वापरावेत तर कायदा आडवा येतो, टाकावेत तर जीव होत नाही. दर गणपतीत आणि दर दिवाळीत मी ते ओल्या फडक्यानं पुसते आणि परत ठेवते. घरात एवढी निगा दुसऱ्या कुणाची राखली जात नाही, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे.

भिशी बारा जणींची. एरवी ती चारचौघींसारखी भिशी असते. महिन्याच्या महिन्याला पैसे जमवायचे, चिठ्ठी काढायची, जिला लागेल तिनं कचोरी आणवायची आणि ती घरीच केली असं सांगायचं. आश्विनात मात्र तिचं रूपांतर ‘टाकाऊतून टिकाऊ’ मंडळात होतं. समोरच्या विंगेतल्या वहिनी अध्यक्ष, कारण त्यांनी त्या विषयावरचे सगळे व्हिडिओ पाहिलेले असतात. जन्मभर लेखा विभागात नोकरी करून निवृत्त झालेल्या काकू खजिनदार. तळमजल्यावरच्या भाभींच्या हाताला जी सफाई आहे ती कुणाच्याच नाही, म्हणून प्रत्यक्ष काम त्यांच्याकडे. बाकीच्या आम्ही कातरकाम आणि चहा.

लहानपणी आमच्याकडे आकाशकंदील व्हायचा तो बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ यांतून. खळ शिजवताना निम्मी बोटांना लागायची आणि उरलेली मुंग्यांना. खाली झिरमिळ्या लावल्या की झाला कंदील. त्याला पैसे लागतात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आताचा टाकाऊतून टिकाऊ कंदील त्या मानानं खर्चिक असतो. पत्रिका फुकट, पण पत्रिकेला पत्रिका चिकटवायला ग्लू गन लागते. गनला कांड्या लागतात. सांधा दिसू नये म्हणून सोनेरी लेस, लेसचं टोक दिसू नये म्हणून कुंदन, कुंदन उठून दिसावं म्हणून मोत्यांची माळ. शिवाय सगळ्यावर मारायला स्प्रे. हे सगळं आणायला रिक्षानं गुलमंडीला जायचं, आणि गुलमंडीला गेल्यावर केवळ कांड्या घेऊन परत आलेली बाई अजून जन्माला यायची आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी जमिनीवर मांडलेला तो बाजार पाहिला आणि झाडू थांबवून विचारलं, “ताई, एवढं सामान टाकाऊ करू राहिल्या का?”

कंदील मात्र झाला देखणा. अष्टकोनी, प्रत्येक कोनाला एकेक गणपती, खाली सगळे गोंडे. वसुबारसेला संध्याकाळी गॅलरीत टांगला, आत बल्ब लावला. आणि मग लक्षात आलं की पत्रिकेवरचा मजकूर उजेडात पलीकडून वाचता येतो. रस्त्याच्या बाजूला ‘चि. सौ. कां.’ झळकत होतं. पार्किंगच्या बाजूला ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ असा चिमुकल्यांचा आग्रह. वॉचमननं ह्यांचं मनापासून अभिनंदन केलं आणि मुलगी कुठली केली विचारलं. जिन्याच्या बाजूचा पुठ्ठा होता त्यावर ठळक अक्षरांत ‘कृपया आहेर आणू नये’. नेमका तो फराळाला येणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर. त्या दिवाळीत आमच्याकडे सगळे रिकाम्या हातांनी आले. एक तर सहकुटुंब आले ते बरोबर सातला, कारण खालच्या ओळीत ‘स्वरुची भोजन सायं. 7 पासून’ असंही होतं. माणसं वाचतात, हे पाहून बरं वाटलं.

खरी मजा कंदिलाच्या हिशेबात आहे. काकू वहीत ‘बचत’ असा रकाना पाडतात. आम्हाला प्रत्येक कंदील पडला पाचशेला. तसा तयार कंदील गुलमंडीच्या फुटपाथवर दोनशेला मिळतो, हे मावशींनाही माहीत आहे. पण काकू तुलनेला फुटपाथ घेतच नाहीत. त्या मॉलमधला बाराशेचा कंदील घेतात. म्हणजे कंदिलामागे सातशे वाचले. पणत्या घरी रंगवल्या, त्यात वाचले. जुन्या साडीच्या काठांची तोरणं केली, त्यात तर भरपूर वाचले, कारण काकूंनी तुलनेला पैठणीचं तोरण धरलं होतं. न घेतलेली वस्तू जितकी महाग, तितकी आपली बचत मोठी. मी एकदा भीत भीत म्हटलं, “काकू, पण पैसे तर खर्चच झाले ना?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “अगं, झाले ते खर्च. वाचले ते वेगळे.”

त्यांच्या पाठीशी इतिहास आहे, असं त्यांचं म्हणणं. बीबी का मकबरा बघा, म्हणतात. लांबून ताजमहाल. जवळ गेलं की कळतं, संगमरवर खालच्या पट्ट्याला आणि वर घुमटाला, मधल्या अंगाला चुन्याचा गिलावा. बादशहानं मंजूर केले होते 7,00,000 रुपये आणि गुलाम मुस्तफाच्या तारीखनाम्यात खर्च नोंदलाय 6,68,203 रुपये 7 आणे. “म्हणजे 31,796 रुपये 9 आणे वाचले,” काकू बोटांवरच वजाबाकी करतात. “आणि तुलनेला ताजमहाल धरलास तर बघ किती!” भाभी लगेच हिमरूची पुष्टी जोडतात. किनखाबाला जर लागते, आपल्या हिमरूला सूत आणि रेशीम. चार हातांवरून कोण ओळखणार आहे? आमच्या शहरानं काटकसरीत असं नाव काढलेलं असताना आम्ही दोनशेच्या कंदिलाशी तुलना करत बसणं कोतेपणाचं झालं असतं. मी गप्प बसले.

तर, वाचले. वाचलेले पैसे घरात ठेवणं धोक्याचं, ते घरखर्चात जातात. म्हणून दरवर्षी त्यांची पार्टी होते. दिवाळीची पार्टी, हॉटेलात, बारा जणी.

दिवस ठरवणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम. 1973 साली जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय सुरू केलं ते आमच्या भिशीसारख्या संस्थांना डोळ्यांसमोर ठेवूनच केलं असावं. दिवाळीच्या आठवड्यात पाहुणे. त्यानंतर दोघींचा चातुर्मास कार्तिकी एकादशीपर्यंत चालू, त्यांना कांदा-लसूण नाही. एकादशी झाली की तुळशीची लग्नं. ती लागली की वाटतं आता मोकळ्या झालो, तर तिघींच्या घरी खंडोबा. त्यांचं वांगं आणि कांदा थेट चंपाषष्ठीला सुटणार, आमच्या इथल्या साताऱ्याच्या खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावर. तोवर मार्गशीर्षातले गुरुवार सुरू झालेले. सोमवार एकीचा, शनिवार दुसरीचा, चतुर्थी सगळ्यांची. या सगळ्यांतून एखादी तारीख निसटून हाती आलीच, तर तो नेमका नळाचा दिवस निघतो. बाहेरगावच्यांना सांगायला हवं, आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी घरातली कर्ती बाई घर सोडत नाही, सख्ख्या भावाचं लग्न असलं तरी.

परिणामी आमची दिवाळीची पार्टी नाताळात होते.

कुठं जायचं यावरही खल होतो. नॉनव्हेज खाणाऱ्या पाच जणी दरवर्षी नान-खलियाचं नाव काढतात आणि दरवर्षी भाभीच ते हाणून पाडतात. त्यांच्या मते ती हॉटेलात मागवायची चीजच नव्हे. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली, त्याच्या फौजेच्या पोटाला म्हणून हा पदार्थ आला, असं इथं सांगतात. भाभींचा त्यावर पूर्ण विश्वास आहे. फौजेचं खाणं ते, देगच चढली पाहिजे, निदान दोनशे माणूस पंगतीला पाहिजे, तरच तिखट तेलाचा तवंग नीट वर येतो. “बारा औरतों में क्या खलिया बनता?” असं त्या इतक्या तुच्छतेनं म्हणतात की पाचही जणी मुकाट्यानं पनीरवर येतात.

यंदाच्या हॉटेलात वेटरच्या डोक्यावर लाल टोपी होती आणि दारात कापूस चिकटवलेलं झाड. आम्ही एकमेकींना “हॅपी दिवाळी” करत आत शिरलो. वहिनींनी झाडाभोवती एक प्रदक्षिणा घातली, वर टांगलेली कागदी चांदणी उलटी करून पाहिली आणि जाहीर केलं, “हा तर आपलाच कंदील. नुसत्या झिरमिळ्या काढल्यात.” मॅनेजर लांबून बघत होता.

मग सूप. बारा जणींत सहा सूप, वन बाय टू. त्यात एकीला मक्याचं नको, एकीला घट्ट नको. वेटरनं वहीचं पान उलटलं. काकूंनी साधं पाणी मागितलं, त्यानं बाटलीचं सुचवलं, काकूंनी बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली. आकार बरा होता, मनी प्लांट छान राहिला असता. बाटल्या घेतल्या. पुढं जेवण यथासांग झालं. चार भाज्या मागवल्या, त्यातल्या तीन चवीला एकच होत्या आणि चौथीत काजू होते. माझ्या शेजारणीनं पहिला घास घेऊन घरी हे किती स्वस्तात होतं ते सांगितलं आणि दुसऱ्या घासाला आणखी दोन रोट्या मागवल्या. येसर घातलेली साधी आमटी याच्यापेक्षा बरी लागते यावर एकमत झालं. घरी गेल्यावर आमटी कोण करणार यावर झालं नाही.

उठताना टेबलावरच्या टूथपिक गेल्या (रांगोळीच्या टिपक्यांना बऱ्या), टिश्यू गेले, उरलेली दाल ज्या डब्यांतून आली ते डबे डाळीपेक्षा जास्त आस्थेनं वाटले गेले. बडीशेप पर्समध्ये. बिलावरचा 5 टक्के जीएसटी काकूंनी स्वतःच्या पेनानं गुणाकार करून ताडून पाहिला, बाराने भागलं आणि प्रत्येकीचा आकडा वाचून दाखवला. तो कंदिलाच्या बचतीपेक्षा बराच जास्त होता. कुणी काही बोललं नाही. फोन बाहेर निघाले, स्कॅन झालं.

जेवणावर पान पाहिजे, आणि उस्मानपुऱ्यात राहून पानाला दुसरीकडे गेलं तर लोक हसतील. इथल्या तारा पान सेंटरचं 5000 रुपयांचं कोहिनूर पान पार मुंबई-दिल्लीच्या बातम्यांत गाजलेलं. रात्रीची नेहमीची गर्दी होती. आमच्यातल्या सगळ्यांत धाकटीनं कोहिनूरची चौकशी केली. ते विशेषतः नवविवाहितांसाठी आहे म्हटल्यावर बारा जणींत असं काही खिदळणं झालं की मागच्या मोटारसायकलवाल्यानं जागा सोडली. भाभी पदर सावरत म्हणाल्या, “मेरेकू वो नक्को भैया, घुटनों के वास्ते कुछ होना.”

आम्ही साधं मसाला पान घेतलं. गालात पान धरून सगळ्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. काकूंनी पर्समधून वही काढली, दिव्याच्या खांबाखाली सरकल्या आणि नवा रकाना पाडला.

“बारा जणी,” त्या पान सांभाळत म्हणाल्या. “कोणीच कोहिनूर खाल्लं नाही. बारा पंचे साठ.”

“साठ काय, काकू?”

“साठ हजार वाचले गं.” त्यांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटली. “जानेवारीत केरळला जाऊ या?”