बेट कुठलंही चालेल, आधी चाकण सोडा

मे महिना आला की चाकणच्या सोसायट्यांत समुद्री वाद पेटतो: गाडी काढून जंजिऱ्याला जायचं की सिंधुदुर्गाला? दोन्ही किल्ले बेटांवर, म्हणजे गाडी किनाऱ्यावरच राहणार. पुढे राजपुरीहून नाहीतर मालवणहून होडी. मग कुणीतरी अलिबागचा कुलाबा सुचवतो, कारण ओहोटीला तिथे चालत जाता येतं. चालतच जायचं तर नवी एसयूव्ही कशाला, हे विचारायचं नसतं. तिचे हप्ते सुरू आहेत.

शिवाय भरती-ओहोटीचं वेळापत्रक निदान आधी कळतं. चाकण-तळेगाव रस्त्याचं कळत नाही. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या वेढ्यात इथला संग्रामदुर्ग पन्नासहून अधिक दिवस झुंजवला. आताचा वेढा कंटेनरांचा, आणि किल्लेदार आपण, एसी लावून बसलेले. देशभर गाड्या धाडणाऱ्या या पट्ट्यात गाडी बनवणं सोपं, हलवणं अवघड.

तेव्हा बेटावरून भांडू नका. पहाटे पाचच्या आत निघा आणि पावसाळ्यापूर्वी जा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. कोंडी मात्र बारमाही चालू असते.