तेल कोण टाकणार?

पुण्या-मुंबईतल्या जाणकारांना अलीकडे शोध लागलाय की गाडी विकत घ्यायची गरज नाही, वाटून वापरावी. झुरिकच्या लोकांनी १९४८ सालीच त्यासाठी सहकारी संस्था काढली होती म्हणे. आपल्याकडे झूमकार २०१३ मध्ये बंगळुरूत निघाली, २०१५ मध्ये फ्रान्सची ब्लाब्लाकार आली. यवतमाळला शिकवायला मात्र कुणी फिरकलं नाही. बरोबरच आहे, इथे शिकवण्यासारखं काही उरलेलंच नाही.

आमच्या जिल्ह्यात बोलेरो घेतो एक जण, वापरतं अख्खं गाव. खासगी असतो तो फक्त हप्ता. आरसीवर नाव मालकाचं, पण उद्या गाडी कुठे जाणार हे त्याला आदल्या रात्री दारात आलेला माणूस सांगतो. "भाऊ, सकाळी गाडी उभीच हाय ना? बुढीले सावंगीले न्या लागते." दवाखान्याचं नाव निघाल्यावर नाही कोण म्हणणार? येताना तीच गाडी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला थांबते, रसवंतीवर थांबते, पाहुण्यांकडून तुरीचं पोतं उचलते. पेट्रोल पंप तेवढा तिला दिसत नाही.

मालक एक, हाकणारा दुसरा, यातही आम्ही मुरलेले. शकुंतला रेल्वेचं उदाहरण आहेच : यवतमाळ-मूर्तिजापूर रूळ खासगी कंपनीचे, गाडी चालवायची सरकारी रेल्वेने. आता गाडीच बंद आहे, त्यामुळे वादही नाही.

राहिली काळी-पिवळी. आर्णी-दारव्ह्याच्या रस्त्यावर तिची वेळ कुठल्याही ॲपपेक्षा पक्की : भरली की निघणार. आणि भरली की नाही, हे ड्रायव्हर ठरवतो, सीटा नव्हेत. एसटीच्या संपात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, सरकारने मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. आमच्याकडच्या मालवाहू गाड्या त्या मुभेसाठी थांबलेल्या नव्हत्या.

२०२५ मध्ये सरकारने खासगी गाड्यांच्या कार-पूलिंगलाही मान्यता दिली. तेव्हा ॲपवाल्यांनो, जरूर या, आणि तेलाचे पैसे आधीच कापून घेण्याची सोय तेवढी ठेवा. झाडून सगळे बोलेरोवाले पहिल्याच दिवशी नाव नोंदवतील. गाडी मागणारे मात्र ॲप बंद करून मालकाच्या घरी चहाला जातील.