अठरा नंबरचा टी-शर्ट

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनींनी पोरीला अठरा नंबरचा टी-शर्ट आणलाय! बॉल आला की पोर डोळे मिटून घेते, पण वहिनींनी परवा भिशीत सांगून टाकलं, "आमची स्मृती मानधनाच होणार बघा." 2025च्या नोव्हेंबरात बायकांच्या टीमनं क्रिकेटचा वर्ल्ड कप काय जिंकला, अख्ख्या सांगलीच्या अंगात आलंय. आपल्या माधवनगरची पोर, कौतुक तर असणारच म्हणा...

तर काय सांगत होते? हां, भिशी. वहिनी म्हणाल्या, "पहिल्याच डब्ल्यूपीएलच्या लिलावात स्मृतीला 3 कोटी 40 लाख!" झालं, भेळ राहिली बाजूला, जी ती शून्यं मोजत बसली. 9व्या वर्षी स्मृती महाराष्ट्राच्या 15 वर्षांखालच्या टीममध्ये होती, हे काढलं का कुणी? नाव नाही. मग मीच आपलं साळसूदपणे म्हटलं, "तिला अकरावीला सायन्स हवं होतं, आईनंच नको म्हटलं, क्रिकेटचं नुकसान होईल म्हणून. तुम्ही तर हिला आत्तापासून नीटच्या फाउंडेशनला घातलीय ना?" अस्सं तोंड उतरलं म्हणता वहिनींचं! तिकडं सोफ्यावर दोघीजणी पदर तोंडाला लावून...

आणि साताऱ्याच्या आमच्या वन्सं! त्यांच्याकडं वेगळीच तऱ्हा. 'लागिरं झालं जी' मालिकेचं शूटिंग तिकडं चालायचं ना, तेव्हा धाकट्याला बोटाला धरून ह्याच जायच्या फोटो काढायला. आता तो बारावीचं पुस्तक उघडत नाही, दिवसभर गच्चीवर रील्स. परवा फोनवर रडकुंडीला आल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, तुमच्याच साताऱ्यात ती अदिती स्वामी. मास्तरांची मुलगी, उसाच्या रानातल्या अकॅडमीत बाण मारून मारून 17व्या वर्षी जगज्जेती झाली, 2023ला, बर्लिनला! आणि त्याच दिवशी पुरुषांत जिंकलेला ओजस देवतळे, तो नागपूरचा पोरगा घरदार सोडून तुमच्याकडंच शिकायला आलेला. अदितीच्याच सरांकडं! दाखवा की धाकट्याला नेऊन."

वन्सं जरा गप्प झाल्या. मला वाटलं, पटलं वाटतं. आणि विचारतात काय, "अगं, पण तिचे फॉलोअर्स किती आहेत?"

आता बोला!