अमेरिकेच्या सुरक्षेला धोका असलेल्या सासूचे पत्र

मा. क्लिअरन्स अधिकारी, अमेरिका सरकार, यांस
वाईहून सा. न. वि. वि.

आमच्या जावईबापूंच्या क्लिअरन्सच्या, म्हणजे सरकारी गुपितं हाताळायच्या परवानगीच्या, कागदांत मी 'परदेशी नागरिक' म्हणून आले आहे, असं लेकीकडून कळलं. तुमच्या 'फॉर्म ८६'साठी माझी जन्मतारीख विचारायला त्यांनी स्वतः फोन केला. इतक्या वर्षांत कुणाला जमलं नव्हतं ते तुम्ही करून दाखवलंत.

२०१७ पासून लागू असलेल्या तुमच्या निर्देशात तेरा कसोट्या आहेत, त्यांतली दुसरी परदेशी प्रभावाची. तो प्रभाव म्हणजे मी. जोडीदाराच्या आईवडिलांविषयी माणसाला जिव्हाळा किंवा बांधिलकी असतेच, असं तुमचे न्यायाधीश धरून चालतात. नसेल, तर ते जावयाने सिद्ध करायचं! साहेब, डोळे भरून आले. आमच्या विहीणबाईंनीसुद्धा असं कधी धरलं नव्हतं.

संपर्क किती, या प्रश्नाला जावईबापूंनी 'दर तिमाही' लिहिलंय. धादांत खोटं. दिवाळीला लेक फोन त्यांच्या कानाला लावते, ते 'आई, तब्येत सांभाळा' म्हणतात आणि फोन परत तिच्या हातात. 'वर्षातून एकदा' असं दुरुस्त करून घ्यावं. नाहीतरी जुजबी, क्वचित संपर्काला तुमच्या नियमात सूट आहे. सासूला विचारत नाही तो जावई देशाला सुरक्षित! असे हवे असतील तर आमच्या तालुक्यात ढिगाने मिळतील.

इथल्या सरकारने मला धरलं, तर मला सोडवायला जावई तुमची गुपितं फोडतील, ही तुमची धास्ती. माझ्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला त्यांना रजा मिळाली नव्हती, एवढंच कळवते. भीती अगदीच पोकळ आहे असं नाही. चीनमध्ये उरलेल्या नातेवाइकांना पोलीस बोलावतात आणि परदेशातली मुलं गप्प होतात, हे आम्हीही वाचतो. पण भारत मित्र असला तरी मित्रांचेही हितसंबंध वेगळे असतात, असं म्हणून तुम्ही आमच्याकडे बघता. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, म्हणजे घरात पेन्शन सरकारी. सातबाऱ्यावर चुलतभावांसोबत लेकीचंही नाव आहे. तो उतारा चुलतभावांना अजून उलगडलेला नाही. तुमच्या हेरखात्याला उलगडला तर आम्हालाही कळवा.

तुमचा तो जॉन वॉकर, नौदलातला. १९८५ मध्ये पकडला जाईपर्यंत वर्षानुवर्षं रशियाला गुपितं विकत होता. मदतीला घेतले ते सख्खा भाऊ आणि पोटचा मुलगा, दोघेही अस्सल अमेरिकन. रशियालाच गुपितं विकणारा रॉबर्ट हॅन्सन तर तुमच्या एफबीआयचाच माणूस, जन्म शिकागोचा. यांच्या सासवांवर कुणी कसोटी लावली होती का हो?

आमच्या कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, तुमच्याकडे तो देशाला मिळतो. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, असं तुमच्या सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच सांगून ठेवलंय. तेव्हा हुज्जत घालत नाही. जावयांच्या बाजूने साक्ष हवी असेल, तर त्यांना माझ्याविषयी काडीचाही जिव्हाळा नाही, असं स्टँपपेपरवर लिहून द्यायला मी तयार आहे. विहीणबाई साक्षीदार म्हणून आनंदाने सही करतील.

मात्र अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यावे लागतात. ते कोणत्या रकान्यात लिहायचे, तेवढं उलट टपाली कळवावं. तळणीला वेळ लागतो.

कळावे,
आपली परदेशी नागरिक,
जावईबापूंच्या सासूबाई