निर्गंध गृहस्थ

विस्कॉन्सिनची बफलो काउंटी आणि इलिनॉयची पाइक काउंटी पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या थोराड नरांसाठी नावाजलेल्या. हा गृहस्थ तिथं हटकून भेटतो. बंदुकीनं हरीण कोणीही मारील, असं त्याचं मत. हा धनुर्धारी. आदिमानवाशी आपलं नातं आहे, असं तो बिअर पिताना सांगतो. त्याचं धनुष्य मात्र मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलनला 1969 साली ज्याचं पेटंट मिळालं, त्या चाकांच्या जातीतलं. 70 पौंडांची दोरी पूर्ण ओढली की हातावर 14 पौंडच उरतात. शिवाय अंतर मोजायला लेझर. आदिमानवाला एवढं मिळालं असतं, तर त्यानं शेती शोधलीच नसती.

हरणाचं नाक फार तिखट, म्हणून सीझन लागला की या माणसाला वासच नको असतो. साबण बिनवासाचा, आफ्टरशेव्ह बंद. शिकारीचे कपडे वेगळे धुवायचे, बाहेर वाळवायचे आणि सुकल्या पानांसकट झाकणाच्या डब्यात ठेवायचे. ते घालून पेट्रोल पंपावर उतरायचं नाही, स्वयंपाकघरात तर पाऊलही नाही. कोणी शिवलं की पुन्हा धुणं. इतकं सोवळं आमच्या आजीनं चातुर्मासातही पाळलं नसेल. आणि असा शुचिर्भूत होऊन तो रानात करतो काय? तर माजावरच्या मादीचं मूत्र बाटलीतून काढून फांदीला टांगतो. बाटली विकत आणलेली, आणि किंमत विचारू नये अशी.

झाडाझाडाला त्याचे कॅमेरे. त्यात दिसलेल्या प्रत्येक नराला नाव. यंदाचा मानकरी ‘टँक’. टँकच्या फोटोंनी फोन भरलाय. मुलांचे फोटो काढायला जागा नाही.

आकड्यांत तर तो पक्का मुनीम. धनुर्धारी शिकाऱ्यांच्या पोप अँड यंग क्लबच्या वहीत नाव लागायला नेहमीच्या ठेवणीच्या शिंगांचे निदान 125 इंच भरावे लागतात. मोजणी इंचाच्या अष्टमांशापर्यंत. तीही शिंगं 60 दिवस वाळल्यावरच, कारण वाळताना ती आकसतात. डावं-उजवं जुळलं नाही तर वजावट. 1965 साली इलिनॉयमध्ये मेल जॉन्सननं बाणानं टिपलेल्या नराचा 204 आणि चार अष्टमांश हा आकडा त्याला तोंडपाठ आहे. लग्नाची तारीख फोन आठवण करून देतो.

लहान नर खालून गेला तर तो बाण सोडत नाही. ‘दोन वर्षांनी बघ कसा होईल!’ म्हणून मायेनं त्याच्याकडे बघत राहतो. या सबबीवर कित्येक सीझन कोरडे गेले. फ्रीजरमधलं मांस बऱ्याचदा मेहुण्याकडचं असतं, बंदुकीनं मारलेलं. तो विषय आपण काढायचा नाही.

नोव्हेंबरात नर माजावर येतात. पहाटेपासून हा झाडावर 20 फुटांवर, स्वतःला पट्ट्यांनी बांधून बसलेला. नाक गळतंय, पण शिंकायची चोरी. दुपारी बायकोचा फोटो येतो : परसात पाखरांसाठी टांगलेले सूर्यफुलाचे दाणे टँक निवांत चाटतोय.

अकडलेल्या बोटांनी हा उत्तर लिहितो, ‘दार उघडू नकोस. वारा त्याच्याकडे जातोय आणि तू सकाळी बेकन तळलंयस.’