इयत्ता दुसरीपुढे मोजणी खात्याची बाजू कशी मांडावी

ज्या पालकांना शाळेतून ‘आपल्या व्यवसायाची ओळख करून द्यावी, वेळ पंधरा मिनिटे’ अशी चिठ्ठी येते, त्यांच्या उपयोगासाठी ही मार्गदर्शिका. डॉक्टर, पोलीस आणि रेल्वेचे चालक यांनी ती वाचली नाही तरी चालेल, त्यांचं नुसत्या गणवेशावर भागतं. उरलेल्यांनी मात्र वहीत उतरवून घ्यावी. उरलेले म्हणजे लेखापाल, विमावाले, नोंदणी कार्यालयातले लिपिक आणि प्रस्तुत लेखिकेसारखे भूमी अभिलेख खात्यातले भूकरमापक. आमचं काम घरच्यांनाही सांगता येत नाही. माझ्या सासूबाई आजही पाहुण्यांना ‘सून तलाठी आहे’ असं सांगतात. तलाठ्याकडे सातबारा, आमच्याकडे नकाशा, इतकं सोपं आहे. पण असो.

नियम पहिला. आपल्या आधी कोण बोलणार आहे याची चौकशी करावी. अग्निशमन दलातल्या बाबांच्या पाठोपाठ नंबर लागला असेल तर किरकोळ रजा टाकावी. हे गृहस्थ हेल्मेट घेऊन येतात, ते एकेकाच्या डोक्यावर चढवतात आणि वर्ग कायमचा आपलासा करून निघून जातात. त्यांच्याविषयी माझ्या मनात आकस नाही. पण भोंग्याचा आवाज तोंडाने काढून दाखवायची खरोखर गरज नव्हती.

नियम दुसरा. इतिहासापासून सुरुवात करू नये. ‘1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी इंदापूर तालुक्यात’ एवढ्यावरच माझं भाषण थांबलं, कारण साहेब घोड्यावरून यायचे का आणि घोड्याचं नाव काय, हे मला सांगता येईना.

सातबारा हा शब्दही टाळावा. वर्ग एका सुरात ‘चौऱ्याऐंशी’ म्हणतो.

नियम चौथा (तिसरा वर येऊन गेला). साहित्य बेताचं न्यावं. रोव्हर नेऊ नये. एक तर मुलांना तो टीव्हीची छत्री वाटतो, आणि दुसरं म्हणजे त्याला उपग्रह दिसायला मोकळं आभाळ लागतं, वर्गाच्या स्लॅबखाली तो रुसून बसतो. त्यापेक्षा अडगळीतली जुनी साखळी न्यावी. 33 फूट लांब, 16 आण्यांची, खळखळ वाजणारी. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. हे सांगताना ‘तुमचा वर्ग जेमतेम अर्धा गुंठा भरेल’ असं चुकूनही म्हणू नये. ‘ब तुकडीचा किती?’ हा प्रश्न लगेच येतो आणि त्यामागचा स्वर मी गावोगावच्या बांधांवर ऐकलेला आहे.

साखळीही जड वाटत असेल तर हात पुरतात. शिवकाळात जमीन मोजायची काठी पाच हात पाच मुठींची असे आणि वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा होई. हे सांगितलं की वर्ग आपण होऊन जमिनीवर लोळतो आणि हात टाकत भिंतीपर्यंत जातो. एकीचे बावीस हात भरतात, दुसऱ्याचे एकोणीस, आणि मग ‘तिचा हात लहान आहे, ती फसवते’ असा आरडाओरडा सुरू होतो. अशा वेळी गप्प राहावं. काठी सगळ्यांना एकच का हवी, हे प्रशिक्षणात आम्हाला शिकवायला बराच वेळ लागला होता, इथे ते दोन मिनिटांत रडतरडत समजतं.

नियम पाचवा. आपल्या अपत्याकडे पाहू नये. त्याने तशी ताकीद घरूनच दिलेली असते.

आता मुख्य भाग, म्हणजे बांध. तो समजावून सांगावा लागत नाही. दोघांच्या प्रत्येक बाकावर मधोमध खडूची किंवा करकटकाने कोरलेली रेघ असतेच. शेजाऱ्याचं कोपर पलीकडे आलं की त्याला ढोसायचं, आणि ढोसताढोसता आपलं दप्तर बोटभर पुढे सरकवायचं. मोठी माणसं हेच नांगराने करतात, दर पावसाळ्याआधी एकेक तास बांध कोरत. फरक इतकाच की दुसरीतली मुलं मधल्या सुट्टीत एका डब्यात जेवतात. मोठी माणसं वकील करतात, गेलेल्या जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे त्याला देतात, आणि मी मोजणीला पोचले की विचारतात, ‘मॅडम, साहेब कधी येणार?’ हा राग मुलांसमोर काढू नये. मी थोडा काढला. मुलं टाळ्या वाजवत होती.

माझ्या मुलीने ओळख करून देताना ‘माझी आई भांडणं मोजते’ असं सांगितलं होतं. खात्याच्या कुठल्याही परिपत्रकात ही व्याख्या सापडणार नाही, पण मला ती दुरुस्त करवली नाही.

शेवटी प्रात्यक्षिक. तक्रार असलेला एक बाक निवडावा आणि रीतसर काम करावं. आधी लगतच्या कब्जेदारांना नोटीस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या बाकावरच्यांनाही उभं करावं. मग दोन्ही पक्षांच्या देखत टेप लावावी, टेपचं एक टोक एकाला आणि दुसरं दुसऱ्याला धरायला द्यावं. ज्याच्या हातात टेप असते तो सहसा मापाला खोटं म्हणत नाही, शेतातही हेच चालतं. (‘बाई, मला शू लागली’ असं कोणी मध्येच म्हटलं तर थांबावं. आमच्याकडे पूर्वी साधी, तातडीची आणि अतितातडीची असे मोजणीचे प्रकार होते, ही तिसरी.) मग मधोमध नवी रेघ मारून द्यावी.

आणि मोजणी चालू असताना कोणाकडचं काही खाऊ नये. शेतात आम्ही डबा आणि पाणीसुद्धा घरचं नेतो, कारण एका घरचा चहा घेतला की दुसऱ्या घरात नकाशा खोटा ठरतो. त्या बाकावरच्या डावीकडच्या मुलाने मला चिक्की पुढे केली. मी हात जोडले. त्यावर उजवीकडचीने स्वतःच्या डब्यातला शिऱ्याचा चमचा थेट माझ्या तोंडापाशी आणला आणि म्हणाली, ‘खा ना काकू, आमची रेघ बरोबरच आहे.’